एका बोर्डाची वाटणी

थोरला : मामा, त्याला सांगा, मला बाकी काही नको. कॉम्प्युटरचं ते खटक्याचं कार्ड तेवढं नऊ दिवस दे म्हणावं. पिल्लं निघाली की परत.

मामा : धाकट्या, थोरला म्हणतो की—

धाकटा : ऐकलं, मामा. भिंत एका विटेची आहे. त्याने तिकडे जांभई दिली तरी इकडे माझा जबडा दुखतो. त्याला विचारा, नुसतं खटक्याचं कार्ड नेऊन करणार काय? अंड्यांना वारा घालणार?

मामा : थोरल्या, तो विचारतो, वारा घालणार का?

थोरला : त्याला सांगा, उबवणीच्या कपाटात तीनशे अंडी आहेत. आज बारावा दिवस. वाटणी झाली तेव्हापासून कॉम्प्युटरचं काम मी एकटा कपाटासमोर बसून करतोय. गार झालं की दिवा लावतो, गरम झालं की विझवतो, तासातासाला ट्रे फिरवतो. ऊब बघायला काल एक अंडं पापणीला लावलं आणि तसाच झोपलो.

धाकटा : अरे देवा! अंडं?

थोरला : मामा, त्याला सांगा, अंडं शाबूत आहे. डोळा सुजलाय.

मामा : धाकट्या, डोळा—

धाकटा : ऐकलं! आणि हे सगळं होणारच होतं. मामा, कॉम्प्युटर वाटतात का हो कधी?

मामा : हे बघा, माझ्या वाटणीत खोट काढायची नाही. आजवर अकरा घरं वाटून दिलीत मी. एकसुद्धा पुन्हा एकत्र आलं नाही, इतकं पक्कं काम. मी तर शेडमधली ही भिंतसुद्धा दोरी लावून बरोबर मधे घातली. आता मी इथे दारात स्टूल टाकून बसलोय ना, तर माझा उजवा गुडघा तुझ्या हद्दीत आहे आणि डावा त्याच्या.

धाकटा : पण कॉम्प्युटर!

मामा : का नाही वाटायचा? माहितीपत्रक तूच मला वाचून दाखवलंस. 'सुट्या भागांची रचना. हवं ते कार्ड काढा, हवं ते लावा.' मी म्हटलं, वा! काय दूरदृष्टी आहे! बनवणाऱ्याने भाऊबंदकी गृहीत धरूनच बनवलंय. मोठ्याला मोठा बोर्ड, धाकट्याला तीन छोटी कार्डं. चुकलं कुठे?

थोरला : तुमचं काही चुकलं नाही, मामा. त्याच कागदावर वर ठळक लिहिलंय, 'एका बोर्डाचा कॉम्प्युटर.' तो एक बोर्ड माझ्याकडे आला. म्हणजे कॉम्प्युटर माझ्याकडे. त्याच्याकडे गेलं ते किडूकमिडूक.

धाकटा : मग चालव की! मामा, विचारा त्याला, बोर्डावर ते सहा लाल आकडे आहेत ना, त्यात काय दिसतंय?

मामा : थोरल्या, काय दिसतंय?

थोरला : काही नाही.

धाकटा : दिसेल कसं? पॉवर सप्लाय माझ्या वाटणीला आलाय.

थोरला : मग त्याला विचारा, त्याच्याकडे तरी काय दिसतंय?

धाकटा : माझ्याकडे मेमरीचं कार्ड आहे, टेपचं कार्ड आहे, दिवा आणि ट्रेची मोटर लावणारं खटक्याचं कार्ड आहे.

मामा : आणि विचार कोण करतं?

धाकटा : विचार करणारी चिप त्या बोर्डावर. ती गेली पलीकडे.

मामा : बघा! थोरल्याला डोकं, धाकट्याला आठवण आणि हात. याहून निम्मं-निम्मं काय असतं?

धाकटा : मामा, माणूस असा वाटला ना, तर पोलीस येतात.

थोरला : त्याला सांगा, थट्टा पुरे. आबांच्या लाल कोंबड्यांची अंडी आहेत ती. साथीत सगळा कळप गेला, खुराडी धुऊन पालथी घातली आपण. ही तीनशे तेवढी राहिली. ही गेली की आबांचा वाण संपला. त्याला सांगा, आबा त्याचेही होते.

मामा : धाकट्या, आबा तुझेही होते.

धाकटा : ...माहीत आहे मला.

मामा : मग घे ती कार्डं आणि जा ना पलीकडे! चार पावलं तर आहेत. मी गुडघा बाजूला घेतो.

धाकटा : मी नाही जाणार. 'माझ्या दारात पाय ठेवू नको,' असं म्हटलंय त्याने.

थोरला : का म्हटलं तेही विचारा! पशुवैद्य समोर उभे, पाव्हणे उभे, आणि हा मोठ्या तोंडाने म्हणतो, 'आमच्या दादापेक्षा बोर्डाला जास्त कळतं.'

धाकटा : तुझं कोपर लागून पॉवरचं बटण बंद झालं! चारशे आकडे मी एकेक करून आत घातले होते. तेव्हा टेपचं कार्डही आलं नव्हतं. वीज गेली की याची आठवण पुसली जाते, हे तुला सतरा वेळा सांगितलं होतं.

थोरला : मला सांगितलं होतंस. कोपराला कुठे सांगितलं होतंस?

मामा : अरे, माझ्यामार्फत बोला! मग मी इथे बसलोय कशाला?

थोरला : बरं, मामा, मी रागात म्हणालो, 'मग बोर्डालाच दादा म्हण.' माणूस रागात म्हणतो. तर हा खरंच म्हणायला लागला! सकाळी उठला की माझ्यासमोरून जाऊन बोर्डाला विचारायचा, 'काय दादा, झोप लागली का?'

धाकटा : आणि मामा, त्याला सांगा, तो दादा निदान उलट बोलत नव्हता.

मामा : थोरल्या, तो दादा—

थोरला : ऐकलं! मामा, आता मुद्द्याचं. त्याचं सामान इकडे येणार नाही, तर माझा बोर्डही तिकडे जाणार नाही. माझाही काही मान आहे.

मामा : मग भिंतीवरून तारा टाका. लांब तार मिळते की बाजारात.

धाकटा : नाही चालत. ही कार्डं एकमेकांना खेटून बसावी लागतात, एकाच पट्टीत. दिव्याची, मोटरची तार कितीही लांब चालेल. पण कार्डाकार्डांत वीतभर जरी अंतर पडलं, तरी आकडे भरकटतात.

मामा : मग इथे उंबरठ्यावर मांडा.

धाकटा : येणारा-जाणारा लाथ मारेल. पहिली तुमची.

थोरला : मामा, त्याला सांगा, भिंतीला भोक पाडू. निम्मं यंत्र इकडे, निम्मं तिकडे. कुणी कुणाच्या दारात जायला नको.

मामा : भोक? माझ्या भिंतीला? अरे, सिमेंट अजून ओलं आहे!

थोरला : म्हणूनच आज सोपं जाईल.

धाकटा : मामा, त्याला सांगा... कल्पना बरी आहे. कपाटाच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर पाड म्हणावं. खुराड्याच्या मापाचं.

मामा : कसलं खुराडं?

धाकटा : ज्यात कार्डं उभी बसतात ती लोखंडी चौकट हो. खाचाखाचांची. आम्ही तिला खुराडंच म्हणतो. त्याच्याकडे असेल.

थोरला : माझ्याकडे कुठे? मला वाटलं त्याच्याकडे आहे.

धाकटा : मामा?

मामा : मी जरा पाणी पिऊन येतो.

थोरला : मामा!

मामा : असं बघू नका. एकच होतं ते, दोघांत वाटता येईना. अशी वस्तू पंचांकडे राहते, ही जुनी रीत आहे.

धाकटा : कुठली रीत?

मामा : माझी. सातव्या घरापासून चालू केली. तुमच्या मामीला फार आवडलं ते. आठ खाचा, आठ ताटल्या. घासल्या की उभ्या करून ठेवते. अगदी मापात बसतात.

धाकटा : ओल्या ताटल्या?

मामा : कोरड्या कोण निथळत ठेवतं?

धाकटा : मामा, आत्ताच्या आत्ता घेऊन या ते. आणि येताना पुसा. पट्टीपर्यंत पुसा!

मामा : आणतो, आणतो. पण मामीला काय सांगू?

थोरला : तिला सांगा, बाराव्या घराने परत मागितलंय.

धाकटा : गेले एकदाचे.

थोरला : मामा, त्याला सांगा, मी विटा काढायला घेतो. कार्डं झाकून ठेव म्हणावं, धूळ उडेल.

धाकटा : मामा गेलेत.

थोरला : हं.

धाकटा : हं काय?

थोरला : स्टूल आहे ना तिथे?

धाकटा : आहे.

थोरला : स्टुला, त्याला सांग, कार्डं झाकून ठेव.

धाकटा : स्टुला, त्याला सांग, केव्हाच झाकलीत. मी काय अडाणी आहे?

थोरला : स्टुला, त्याला विचार, मग मी आहे का?

धाकटा : ...हातोडी जपून मार. बोटावर बसेल. म्हणजे, स्टुला, त्याला सांग.

थोरला : सांगितलं त्याने. मामांपेक्षा बरा आहे, पदरचं काही घालत नाही. बाजूला हो, ही वीट तुझ्याकडे पडणार.

धाकटा : पडली. पायावर.

थोरला : कुणाच्या?

धाकटा : स्टुलाच्या नाही, माझ्या! अजून एक काढ डावीकडची. हां. दिसतोयस आता.

थोरला : दाढी किती वाढवलीस?

धाकटा : डोळा खरंच सुजलाय की तुझा. मला वाटलं, मामांना दाखवायला म्हणत होतास.

थोरला : मामांना दाखवायला मी दुसरा सुजवला असता. हा झोपेने सुजलाय.

धाकटा : काही लावलंस का त्याला?

थोरला : अंडं.

मामा : आलो, आलो! घ्या तुमचं खुराडं. सरका.

धाकटा : मामा, यात चमचा आहे.

मामा : असू दे. मामीने रागाने फेकला, तो त्यातच अडकला. आज रात्री सगळ्यांनी हातावर घेऊन जेवा म्हणाली.

थोरला : द्या इकडे. भोकात बसतंय बघ. तोंड माझ्याकडे आलं, पट्टी तुझ्याकडे.

धाकटा : तोंड तुझ्याकडे म्हणजे कार्डं तुझ्या बाजूने आत सरकवावी लागणार.

थोरला : मग?

धाकटा : म्हणजे तू सरकवणार.

थोरला : ज्याला कोपर सांभाळता येत नाही तो.

धाकटा : मी काही बोललो का? घे. हे मेमरीचं. कडेला धर, मधे बोट लावू नको. पिल्लू धरतोस तसं धर.

थोरला : पिल्लू कसं धरायचं ते तू मला शिकव आता. कुठल्या खाचेत घालू?

धाकटा : कुठल्याही. तीच तर याची गंमत. कुणीही कुठेही बसावं, मागची पट्टी सगळ्यांची एकच.

मामा : म्हणजे मानाने पहिला कोण, दुसरा कोण, काहीच नाही? मग यांच्यात भांडणं कशावरून होतात?

धाकटा : होत नाहीत, मामा.

मामा : कठीण आहे. मग माझ्यासारख्याने जगावं कसं?

धाकटा : फक्त सगळ्यांची तोंडं एका बाजूला हवीत. एक जरी उलटं बसलं तरी धूर निघेल.

थोरला : तोंड कुठलं?

धाकटा : काळ्या चिपा दिसतात ती बाजू. ती तुझ्या डाव्या हाताला.

थोरला : हे बसलं. हे टेपचं बसलं. खटक्याचं दे. बसलं. आता माझा बोर्ड. ...सगळ्यांचं तोंड डावीकडे. चारदा बघितलं.

धाकटा : पाचव्यांदा बघ.

थोरला : बघितलं.

धाकटा : लावतो पॉवर. काय आलं?

थोरला : लाल आकडे! सहाच्या सहा!

मामा : झालं? जाऊ मी?

धाकटा : अहो, अजून त्याला काय करायचं ते कुठे माहीत आहे? कोरी पाटी आहे ती. टेपवरून प्रोग्रॅम आत घालायचा, दोन मिनिटांचं काम. टेपरेकॉर्डरमध्ये आहेच ती. करतो चालू.

टेप : 'खं, खं. मी, या घरचा मामा, पंच या नात्याने, सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने जाहीर करतो की, मोठ्यास मोठा बोर्ड—'

धाकटा : मामा!

मामा : आवाज छान आलाय, नाही?

धाकटा : ही टेप तुम्ही कुठून घेतलीत?

मामा : तुझ्याच खणातून. उद्या कुणी शब्द फिरवला तर पुरावा नको? आणि मी काही न बघता नाही घेतली. आधी लावून ऐकली. कोरीच होती. नुसती किरकिर, रातकिडे ओरडल्यासारखी.

धाकटा : ती किरकिर म्हणजेच प्रोग्रॅम होता!

मामा : असं का? मग आता यंत्राला निदान वाटणी तरी कळली असेल.

थोरला : ती आम्हालाच कळली नाही, मामा.

धाकटा : संपलं. पुन्हा हाताने घालावं लागणार. चारशे आकडे, मधेमधे इंग्रजी अक्षरं. वही दे.

थोरला : सगळी कुठे आहे? निम्मी पानं तुझ्याकडे आहेत.

धाकटा : वहीसुद्धा?

मामा : पत्ते वाटतात तशी वाटली. एक पान थोरल्याला, एक धाकट्याला. तक्रारीला जागाच ठेवली नाही.

थोरला : बटणं माझ्या बाजूला आहेत. तुझी पानं तू वाच, मी दाबतो. माझी पानं मी वाचतो आणि मीच दाबतो.

धाकटा : दादा, एक आकडा जरी चुकला ना—

थोरला : आता कुणाला दादा म्हणालास? मला की त्याला?

धाकटा : ...तुला. कोपर वर घे.

थोरला : डोक्यावर ठेवलंय. चल. पहिलं पान माझं. ए, नऊ. शून्य, शून्य. आठ, डी. पुढचा हा... सहा आहे की बी?

धाकटा : बघू, इकडे फिरव कागद.

थोरला : नको, कळलं. बी आहे. तुझ्या इंग्रजी सहाचं पोट नेहमी उघडं असतं. पहिलीत हात धरून गिरवून घेतला तरी मिटलं नाही.

धाकटा : मास्तरांनी मारलं होतं त्यावरून.

थोरला : मला मारलं होतं. 'तू शिकवलास ना,' म्हणून. आता तुझं पान. वाच.

धाकटा : दोन, शून्य. सी, चार. हळू सांगू का?

थोरला : सांग तू. सी... चार म्हणालास ना? दाबला. मधेच ट्रे फिरवून येतो, तास झाला. तोवर इथे कुणी श्वास घ्यायचा नाही. मामांना सांग.

धाकटा : मामा घोरतायत.

थोरला : बरं झालं. ...फिरवला ट्रे. वाच.

धाकटा : आता शेवटच्याच दोन ओळी राहिल्या. सहा, शून्य. उघड्या पोटाचा. आणि शून्य, शून्य. संपलं.

थोरला : आता?

धाकटा : आता चालू करायचं बटण. थांब, दाबू नको. चाललं की आतलं तापमान दाखवेल. तुझ्या हिशेबाने आत्ता किती असेल? अंदाजे?

थोरला : अंदाजे कशाला? एक अंडं काढतो. सुजलेल्या डोळ्याला कळणार नाही, दुसऱ्याला लावतो. ...साडेसदतीस. केसभर कमी.

धाकटा : केसभर म्हणजे किती?

थोरला : केसाएवढं. दाबू?

धाकटा : दाब.

थोरला : तीन. सात. चार.

धाकटा : नीट वाच.

थोरला : तीन, सात, चार! मधे ठिपका कुठे द्यायचा ते तू बघ.

धाकटा : सदतीस पॉइंट चार.

थोरला : आणि खट् वाजलं! दिवा लागला, मी हातसुद्धा लावला नाही!

मामा : काय, काय झालं? कोण भांडतंय?

धाकटा : कुणी नाही, मामा. बोर्डाला आमच्या दादाएवढंच कळतं.

थोरला : ...मी जरा आडवा होतो.

धाकटा : हो. मी बघतो भोकातून.

(नऊ दिवसांनी, दुपारी. धाकटा भिंतीच्या अलीकडे, थोरल्याच्या बाजूला, गुडघ्यांवर बसलेला. कपाटाचं दार उघडं. चिवचिवाट.)

थोरला : दोन बोटांत घे, मूठ करू नको. ओलं आहे अजून. पेटीत ठेव, दिव्याखाली. किती झाली?

धाकटा : दोनशे चौऱ्याऐंशी. चिवचिव तर बघ. दादा, एकाच्या डोक्यावर काळा ठिपका आहे.

थोरला : आबांच्या जुन्या कोंबड्याला होता तसा. दोन पिढ्या दिसला नव्हता.

धाकटा : सगळे ट्रे रिकामे झाले. हे एक अंडं राहिलंय कोपऱ्यात.

थोरला : ते सोड. चौदाव्या दिवशी दिव्यावर धरून बघितलं तेव्हाच कळलं होतं, आत काही नाही. बाकीची पंधरा वांझ काढून टाकली, हे चुकून राहिलं. टाक बाहेर.

मामा : आलो, मी आलो! शाबास! सगळी निघाली म्हणे. चला, ठरल्याप्रमाणे पिल्लं निम्मी-निम्मी. आणि या बघा, विटा घेऊनच आलोय. गवंडी येतोय मागून सिमेंट घेऊन. भोक बुजवलं की माझी भिंत पूर्ववत, ज्याचं त्याला.

थोरला : आजच, मामा?

मामा : मग काय, सहा महिन्यांनी? यंत्राचं काम झालं. पिल्लं निघाली. उरलं काय आता?

धाकटा : एक अंडं उरलंय.

मामा : एक ना? एकाने काय होतं?

धाकटा : वाटणी चुकते, मामा. उद्या त्यातून निघालं म्हणजे? कुणाच्या पारड्यात घालणार? तुमचं इतक्या वर्षांचं नाव जाईल.

मामा : हं. ते एक आहे. पण निघणार आहे का ते? थोरल्या, यातलं तुला कळतं. तू सांग.

थोरला : दे रे ते इकडे.

धाकटा : घे.

मामा : कानाला काय लावतोस? काय म्हणतंय?

थोरला : ...ठोकतंय, मामा. आतून.

मामा : बघू. ...मला तर काही ऐकू येत नाही.

धाकटा : द्या. ...येतंय की स्पष्ट.

मामा : असं? आणि किती वेळ घेईल हे?

थोरला : काही सांगता येत नाही. आबांचा वाण जरा सावकाश आहे.

मामा : मग या विटा मी किती वेळ धरू?

थोरला : ठेवा ना खाली, मामा. हात दुखतील.